रात्रभराच्या बसने बंदराच्या शहरात: जागा कुठली, बोट कधी?

प्रश्न: किनाराशोध

पाच जणांचा प्रवास ठरतो आहे. बस रात्री साडेआठला सुटते आणि सकाळी सातला बंदराच्या शहरात पोचते, म्हणजे साडेदहा तास. तिथे एक रात्र मुक्काम, दुसऱ्या रात्री परतीची बस. पाचांपैकी दोघं सत्तरी ओलांडलेली आहेत, त्यातल्या एकांचा उजवा गुडघा फार दुखतो. सात वर्षांच्या मुलीला गाडी लागते. एकाच वेळेला दोन बस सुटतात, एक पुशबॅक आणि एक स्लीपर.

बुकिंगच्या पानावर सगळ्या जागा सारख्याच दिसतात, त्यामुळे नेमकी कुठली रांग घ्यावी ते कळत नाही. मुलीला औषध किती आधी द्यायचं? सामान डिकीत टाकायचं की जवळ ठेवायचं? शहरात आम्हाला बंदर, जहाजं आणि बोटीची फेरी एवढंच बघायचं आहे. दोन दिवसांत ते कसं बसवावं? जितकं नेमकं सांगाल तितकं बरं.

उत्तर १: मधलीरांग

बुकिंगच्या नकाशात चाकं दाखवत नाहीत, आणि जागेजागेतला फरक पडतो तो चाकांमुळेच. बारा मीटरच्या बसला पुढच्या आणि मागच्या चाकांत साधारण सहा मीटरचं अंतर असतं. मागच्या चाकांच्या पाठीमागे बसचा जवळपास तीन मीटरचा भाग नुसता लोंबता असतो. खड्डा आला की हा भाग झोपाळ्याच्या टोकासारखा वर फेकला जातो. चाकावर बसलेल्याला धक्का थेट बसतो आणि चाकांच्या मागे बसलेल्याला तोच धक्का वाढून बसतो. दोन्ही चाकांच्या मधल्या भागात तो सगळ्यात कमी जाणवतो. पुशबॅक बसमध्ये हा मधला भाग म्हणजे साधारण तिसरी ते सहावी रांग. शेवटची रांग टाळाच. तिच्या मागे भिंत असल्यामुळे पाठ बऱ्याचदा पुरती मागे जात नाही आणि इंजिन मागे असेल तर रात्रभर खालून ऊब येत राहते.

स्लीपरमध्ये वरचा बर्थ की खालचा, हा प्रश्न रांगेपेक्षा मोठा आहे. वळणावर बस कलते तेव्हा जितके वर असाल तितके जास्त हलता. म्हणून मुलीसाठी मधल्या भागातला खालचा दुहेरी बर्थ घ्या आणि शेजारी एक मोठं माणूस असू द्या. उताणं पडून, डोकं उशीत स्थिर ठेवून, डोळे मिटले की गाडी लागण्याचा त्रास बराच कमी होतो. कान सांगतो की आपण हलतोय आणि डोळे सांगतात की समोरचा पडदा जागेवर आहे. या दोन निरोपांचा मेळ बसत नाही तेव्हा मळमळ सुरू होते. दिवसा उपाय सोपा असतो, काचेतून दूर समोर बघायचं. रात्री बाहेर बघण्यासारखं काही नसतं, त्यामुळे डोळे मिटणंच बरं. मोबाइल मात्र बस सुटल्यापासून बंद. दहा मिनिटांचं कार्टूनही पुरेसं ठरतं.

झोपताना पाय बसच्या पुढच्या दिशेला येतील असं झोपा. जोराचा ब्रेक लागला तर शरीर पुढे सरकतं. तेव्हा फळीवर डोकं आपटण्यापेक्षा पाय टेकलेले बरे.

औषध मळमळ सुरू झाल्यावर देऊन फारसा उपयोग नसतो, कारण तेव्हा पोट पुढे ढकलण्याचं काम मंदावलेलं असतं आणि गोळी तिथेच पडून राहते. प्रोमेथाझिन, मेक्लिझिन, डायमेनहायड्रिनेट ही नेहमीची नावं. साधारणपणे ती निघण्याआधी अर्धा ते एक तास घेतात. साडेआठची बस असेल तर साडेसात-आठला. मुलीला कुठलं आणि किती द्यायचं ते तिच्या वजनावर ठरतं, तेवढं बालरोगतज्ज्ञांना विचारा. एक इशारा: ही औषधं ज्येष्ठांना "असू दे, एक तुम्हीही घ्या" म्हणून देऊ नका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांची लघवी अडू शकते, डोळ्यातला दाब वाढू शकतो. शिवाय गुंगीत रात्री बसच्या पायऱ्या उतरताना तोल जातो.

जेवण बसच्या दोन तास आधी, हलकं आणि कमी तेलाचं. उपाशी पोटीही गाडी लागते. उलटीसाठी दोन पिशव्या एकात एक घालून, तोंड उघडून, मुलीच्या हाताशी ठेवा. सॅकच्या तळाशी ठेवलेली पिशवी वेळेवर सापडत नाही.

उत्तर २: रस्तारखवाली

मुलीबद्दल वरचं सगळं पटतं. ज्येष्ठांसाठी मात्र मी पुशबॅक बसच सुचवेन. स्लीपरमधली मधली वाट फार अरुंद असते आणि पडदे लावल्यावर अंधारात आपण कुठे आहोत हेच कळत नाही. अडचणीच्या वेळी दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाला तिथून बाहेर काढणं अवघड जातं. चीनने २०१२ पासून नव्या स्लीपर बसची नोंदणीच बंद केली, तीही या बसच्या अपघातांमुळे. पुशबॅकला बऱ्याचदा पट्टाही असतो. तो पोटावरून न घेता खाली, कमरेच्या हाडांवरून घट्ट घ्यायचा. कुटुंबाला एकत्रच जायचं असेल तर पाचही जण पुशबॅकने जा आणि मुलीला चौथ्या-पाचव्या रांगेत खिडकीशी, मानेला गोल उशी लावून झोपवा. पाठ पूर्ण मागे घेतली की तिचं काम भागेल.

गुडघ्यासाठी बाजू निवडून घ्या. उजवा गुडघा दुखतो ना, मग बसच्या डाव्या ओळीतली, मधल्या वाटेकडची जागा. तिथे उजवा पाय वाटेकडे येतो आणि अधूनमधून सरळ करता येतो. उजव्या ओळीत हाच पाय शेजाऱ्याच्या बाजूला अडकतो आणि साडेदहा तास दुमडलेलाच राहतो. पायाखाली हँडबॅग ठेवू नका, तेवढीच जागा पायाला लागते.

चार तासांहून जास्त वेळ एका जागी बसलं की पायाच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं होतं. मुळात धोका लहान आहे, पण वय, नुकतंच झालेलं ऑपरेशन किंवा आधी कधी झालेली गुठळी यांनी तो वाढतो. जागे असताना दर तासाला टाचा टेकवून पंजे वीसेक वेळा वर-खाली करा, आणि बस थांबली की उतरून दोन-चार मिनिटं चाला. लघवीला जायला नको म्हणून ज्येष्ठ मंडळी दुपारपासून पाणीच बंद करतात, ते करू देऊ नका. घोट घोट पाणी चालू ठेवायचं. त्याऐवजी बुकिंग करतानाच विचारून घ्या की बस कुठे आणि किती वाजता थांबते. साडेदहा तासांत निदान दोन थांबे हवेतच.

त्याच फोनवर दुसरा प्रश्न विचारा: चालक किती? युरोपीय संघात नियम असा आहे की साडेचार तास चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती घ्यावीच लागते आणि एरवी दिवसाला ९ तासांवर चालवता येत नाही. तुमचा देश, तुमचा नियम कुठलाही असो, साडेदहा तासांच्या रात्रीला दोन चालक लागतात. पहाटे दोन ते पाच या वेळात माणसाचं शरीर झोपेकडेच ओढलं जातं, कितीही सवय असली तरी. "एकच आहे, पण तरबेज आहे" असं उत्तर मिळालं तर दुसरी बस बघा.

बसमध्ये चढल्यावर सामान लावायच्या आधी एक काम करा. आपत्कालीन दार कुठे आहे, छताला झडप आहे का, काच फोडायची हातोडी कुठल्या खांबाला लावली आहे, हे बघा. हातोडीची जागा रिकामी असेल तर क्लीनरला तिथल्या तिथे सांगा. मग आपल्या जागेपासून दारापर्यंत किती सीटच्या पाठी लागतात ते हाताने मोजा. धूर असेल तर डोळ्यांना दिसत नाही, मोजलेला आकडा कामी येतो. काच फोडायची ती कडेला, कोपऱ्यापासून चार बोटं आत. बाजूच्या खिडक्यांची काच कडक केलेली असते. मधोमध मारलं तर ती लवते आणि घाव परत फिरतो, कोपऱ्यात मारलं की सगळी काच बारीक दाण्यांसारखी विखुरते. समोरची मोठी काच दोन थरांत पापुद्रा घालून केलेली असते. ती तडकते पण पडत नाही, तिच्यावर वेळ घालवू नका. पडदा आधी ओढून काढा. बाहेर जाताना पाय आधी टाका आणि हातांनी लोंबकळून उतरा, कारण खिडकी जमिनीपासून माणसापेक्षा उंच असते.

सामानाबद्दल. डिकीतून चोरी होते किंवा बॅगा बदलतात त्या शेवटच्या थांब्यावर नाही, मधल्या थांब्यावर, जेव्हा अर्धवट झोपेत कोणीतरी काळी ट्रॉली ओढून नेतं. म्हणून बॅगेच्या मुठीला रंगीत कापडाची ठळक पट्टी बांधा, डिकीत ठेवलेल्या अवस्थेत तिचा फोटो घ्या आणि क्लीनरला शेवटचा थांबा सांगून बॅग आतल्या बाजूला ठेवायला लावा. चिठ्ठी मिळत असेल तर घ्याच. औषधं, चष्मा, ओळखपत्रं आणि पॉवर बँक जवळच्या पिशवीत. पॉवर बँक डिकीत कधीच नको, दाबली गेली किंवा तापली तर पेटते आणि वर बसलेल्यांना ते फार उशिरा कळतं. डिकीत धूळ आणि पावसाचं पाणी शिरतं, म्हणून कपडे बॅगेच्या आत मोठ्या प्लॅस्टिक पिशवीत भरा.

थांब्यावर उतरताना नंबर प्लेटचा फोटो घ्या. एकाच रंगाच्या तीन बस शेजारी उभ्या असतात आणि आपली बस बाजूला लावायला हलवलेली असते.

किनाराशोध

दोघांचेही आभार. पुशबॅक, चौथी-पाचवी रांग, डावीकडची वाटेची जागा, एवढं नक्की केलं. आता पोचल्यानंतरचं. नकाशावर "बंदर" म्हणून दोन-तीन जागा दिसतात, एकमेकींपासून बऱ्याच लांब. कुठली खरी? आणि गुडघा दुखत असताना बोटीत चढणं जमेल का?

उत्तर ३: भरतीरेषा

दोन-तीन जागा दिसतात त्याला कारण आहे. जुनं बंदर शहराच्या पोटात असतं, कारण शहरच त्याच्याभोवती वाढलं. पण कंटेनरची मोठी जहाजं आता ४०० मीटर लांब असतात आणि भरलेली असताना त्यांना १६ मीटरच्या आसपास खोल पाणी लागतं. शिवाय कंटेनर रचायला मैदानंच्या मैदानं लागतात, ती जुन्या शहरात मिळत नाहीत. म्हणून खरं काम बाहेर सरकलं. लंडनच्या शहरालगतच्या मोठ्या गोद्या १९८१ पर्यंत बंद झाल्या आणि काम नदीच्या मुखाकडे टिलबरीला गेलं. रॉटरडॅमचं मास्व्हलाक्ते हे बंदर शहराच्या मध्यापासून चाळीसेक किलोमीटरवर, समुद्र हटवून केलेल्या जमिनीवर आहे. मुंबईच्या समोर, खाडीपलीकडे न्हावा शेवा १९८९ मध्ये सुरू झालं ते याच गरजेतून. तुमच्या नकाशावरचं शहरातलं "बंदर" हे चालायचं, बसायचं, बोटीत चढायचं ठिकाण. लांबचं "बंदर" म्हणजे कुंपणाच्या आतलं कामाचं.

त्या लांबच्या बंदरात फाटकापर्यंत जाऊन परत यावं लागेल. १ जुलै २००४ पासून जहाजांच्या आणि बंदरांच्या सुरक्षेची आंतरराष्ट्रीय नियमावली लागू आहे. तिच्यामुळे परवान्याशिवाय धक्क्यावर सोडत नाहीत, बऱ्याचदा फाटकाशी फोटोही काढू देत नाहीत. मोठी जहाजं बघायची तर पाण्यावरून, म्हणजे बंदराच्या फेरीच्या बोटीतून, किंवा प्रवेशमार्गाच्या कडेच्या एखाद्या उंचवट्यावरून. कुठलं जहाज कधी येतंय ते जहाजांचा माग दाखवणाऱ्या नकाशांवर आदल्या रात्री दिसतं. आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या, ३०० टनेजच्या (टनेज म्हणजे जहाजाच्या आकाराचं माप) वरच्या जहाजांना आपली जागा सतत प्रसारित करणारं यंत्र बसवावंच लागतं.

आता गुडघा. इथे सगळा खेळ भरती-ओहोटीचा आहे, आणि तिकीट विकणारे हे सांगत नाहीत. बऱ्याच ठिकाणी बोट तरंगत्या धक्क्याला लागते आणि किनाऱ्यापासून त्या धक्क्यापर्यंत एक उतरती फळी असते. फळीचं वरचं टोक किनाऱ्याला पक्कं, खालचं टोक पाण्याबरोबर वर-खाली. फळी २० मीटरची आहे असं धरा. भरतीला तरंगता धक्का किनाऱ्यापेक्षा १ मीटर खाली असेल तर उतार वीसास एक, म्हणजे रस्त्यावरून चालल्यासारखा. ओहोटीला तोच धक्का ४ मीटर खाली गेला की उतार पाचास एक. चाकाच्या खुर्चीसाठी बारास एक हा साधारण मानला जाणारा उतार आहे, त्यावरून अंदाज करा. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, आणि बोटीकडे जाताना उतरायचंच असतं.

दगडी पायऱ्यांचा धक्का असेल तर आणखी जपून. पायऱ्यांवर एक आडवी रेघ स्पष्ट दिसते. वरचा दगड फिका आणि कोरडा, खालचा काळपट हिरवा. ती भरतीची रेघ. तिच्या खालच्या प्रत्येक पायरीवर शेवाळाचा पातळ थर असतो, तो ऊन पडून वरून सुकल्यासारखा वाटला तरी बुटाखाली सरकतो. ज्येष्ठांना त्या रेघेच्या खाली उतरवूच नका. पाणी रेघेशी असतानाच बोटीत बसवा.

म्हणजे बोटीची वेळ भरतीवरून ठरवायची. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीनंतर दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी येते, त्यामुळे रोज ती पन्नासेक मिनिटं पुढे सरकते. पहिल्या दिवशी सकाळी ९.१० ला असेल तर दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास. भरतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-दोन तास चालतील, कारण पाणी सगळ्या वेळात सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उतार बारा भागांत मोजला तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. पहिल्या दोन तासांत फक्त पाव उतार होतो. त्यापुढच्या दोन तासांत मात्र निम्मं पाणी जातं. भरतीचं वेळापत्रक बघताना ते स्थानिक वेळेत आहे की जागतिक वेळेत, हे वरच्या कोपऱ्यात लिहिलेलं असतं, तिथे चूक होते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा ओहोटीही तितकीच खोल जाते आणि फळी सगळ्यात उभी होते. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, फरक कमी, गुडघ्याला सोपं. तारखा अजून हातात असतील तर हे बघून ठरवा. शहर भूमध्य समुद्रावरचं असेल तर ही काळजीच नको, तिथे बहुतेक ठिकाणी पाणी अर्धा मीटरही हलत नाही. ब्रिस्टलच्या खाडीत मात्र हाच फरक उधाणाला १४ मीटरपर्यंत जातो.

दुसरी अट वाऱ्याची, ती मुलीसाठी. सकाळी पाणी शांत असतं. जमीन तापली की दुपारकडे खारे वारे सुरू होतात, आणि तीन-चारच्या सुमाराला बंदराच्या तोंडाशी लहान बोट चांगली डोलते. सकाळची भरती आणि सकाळचा शांत वारा ज्या दिवशी जुळतो तो दिवस बोटीचा, दुसरा दिवस पायी फिरण्याचा. पहिल्या दिवशी भरती पहाटे पाचला असेल तर हट्ट करू नका. दुसऱ्या दिवशी ती सहाच्या आसपास येईल, मग आठची पहिली बोट गाठा. बोटीत मुलीला मागच्या अर्ध्यात, मधोमध, उघड्यावर बसवा. इंजिनाच्या धुराच्या बाजूला नको. डोळे क्षितिजाकडे.

मुलीला बघायला सांगण्यासारखं बरंच आहे. जहाजाच्या नाकाशी एकाखाली एक आकडे रंगवलेले असतात, ते म्हणजे जहाज किती खोल बुडालं आहे त्याचं माप. मीटरमधला प्रत्येक आकडा १० सेंटिमीटर उंच असतो आणि आकड्याचा तळ हे खरं माप. जहाजाच्या मध्यावर एक गोल आणि त्यातून आडवी जाणारी रेघ दिसते. माल भरताना याच्या खाली जहाज जाऊ द्यायचं नाही, ही खूण. ब्रिटनमध्ये सॅम्युएल प्लिमसॉल यांच्या खटपटीने ती १८७६ मध्ये कायद्याने सक्तीची झाली, कारण त्याआधी मालक जहाजं बेसुमार भरत आणि खलाशी बुडत. अर्धा पांढरा, अर्धा लाल, उभा विभागलेला झेंडा दिसला की बंदराचा पायलट, म्हणजे जहाजाला वाट दाखवणारा तिथला जाणकार, जहाजावर आहे. निळ्या झेंड्यात पांढरा चौकोन असेल तर जहाज निघायच्या तयारीत आहे. दोरीच्या शिडीवरून चालत्या जहाजावर चढणारा पायलट दिसला तर नशीब म्हणायचं.

उत्तर ४: परतवाट

दोन गोष्टी राहिल्या. एक, सातची बस साडेपाचलाही पोचू शकते, आणि राहायची खोली दुपारपर्यंत मिळत नाही. मुक्कामाच्या ठिकाणी आधीच विचारा की सामान ठेवून तोंड धुता येईल का. उतरायचा थांबा निवडताना पाण्याची कुठली बाजू ते बघा. बंदराच्या शहरात नदी किंवा खाडी मधून जाते. नकाशावर २ किलोमीटर दिसणारं ठिकाण पुलावरून २० भरतं, आणि पहाटे पलीकडे नेणारी फेरीबोट सुरू झालेली नसते.

दोन, परत निघताना बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर शहराबाहेरच्या रस्त्यावर रांग लावून उभे असतात, संध्याकाळी जास्तच. परतीच्या दिवशी खाडीपलीकडे जाऊच नका. शेवटची फेरीबोट किती वाजता ते धक्क्यावरच्या फलकावर वाचा, फोनवरचं वेळापत्रक बऱ्याचदा हंगामापुरतं असतं. बसच्या थांब्यावर ४५ मिनिटं आधी पोचा. मुलीचं औषध परतीच्या प्रवासासाठीही मोजून घेतलं आहे ना, ते निघायच्या आधी घरीच बघा.